दारात बसलेली सासू

टेनंट क्रीक, ३ जून

विहीणबाई ग्लेनिस हिला नोरीनचा नमस्कार वि. वि.

आम्ही सगळे मजेत. थंडी मस्त पडलीय. परवा निखाऱ्यात कांगारूची शेपटं भाजली, तुझी आठवण काढत तुझा वाटा मीच खाल्ला.

आता मुद्द्याचं. पुढच्या बुधवारी कानांचे डॉक्टर येताहेत. आपल्या नातीचा, रिकीशाचा, कान सारखा वाहतो. मागून हाक मारली तर वळूनही बघत नाही. असंच राहिलं तर पोर बोलायची कधी, शिकायची कधी? माझी लेक जनेल न्यायला तयार आहे गं, पण तुझा लेक ऐकेल तर शपथ! दवाखान्याची गाडी दिसली की पोरीला घेऊन रानात पसार.

आणि वस्तीतल्या माणसांना दवाखान्यापर्यंत पोचवायची नोकरी कुणाची? माझीच! नव्या साहेबांनी तर मला आणि जावयाला एकाच गाडीत बसवायचं ठरवलं, म्हणे घरचाच माणूस. सासूनं जावयाशी बोलायचं नाही, त्याच्यासमोर यायचं नाही, ही आपली रीत कळल्यावर बिचारे शरमेनं लालबुंद झाले. तेव्हा बाई, तूच काहीतरी कर.

लोभ आहेच, त्यात काटछाट करू नकोस.
तुझी नोरीन

ॲलिस स्प्रिंग्ज, ६ जून

नोरीनबाईंना ग्लेनिसचा सप्रेम नमस्कार.

माझा वाटा खाल्लास ना, आता गाडीच्या दारातून आत कशी जातेस बघू.

लेकाला, डार्सीला, फोन केला. दवाखाना म्हटलं की ठेवूनच देतो. त्याचं तरी काय चुकलं? माझी बहीण एल्सी लहानपणी खोकल्यासाठी दवाखान्यात गेली, तिथूनच सरकारी माणसांनी तिला उचललं; तेव्हा आपल्या लोकांची पोरं गोऱ्यांकडे वाढवायला अशीच न्यायचे. परत आलीच नाही. हे तो लहानपणापासून ऐकत आलाय. त्याला औषधाची भीती नाही गं, पोर परत मिळेल की नाही याची आहे.

माझे गुडघे बसचा प्रवास करू देत नाहीत. पण तू कशाला तोंड शिवून बसलीस? माझ्या आईला जावयाला काही सुनवायचं असलं की ती कुत्र्याला सुनवायची, तेही मोठ्यानं. डार्सीचा कुत्रा बूफ आहे ना दारात? त्याचे कान तरी धड आहेत.

रिकीशाला पापा. असाच जीव लावत राहा, खा मात्र बेतानं.
ग्लेनिस

टेनंट क्रीक, १२ जून

ग्लेनिसबाईंना नोरीनचा नमस्कार, आणि तुझ्या डोक्यालाही नमस्कार!

काल सकाळी तुझ्या लेकाच्या कुंपणाबाहेर पाठमोरी उभी राहिले आणि बूफला खणखणीत आवाजात सांगितलं की डॉक्टरांच्या खोलीत पोरीजवळ आईबाप दोघंही बसतील, तसं मी दवाखान्यात बोलून ठेवलंय. दारात मी बसेन. पोरीला कुणी न्यायला आलंच तर आधी मला उचलावं लागेल, आणि ते काही सोपं काम नाही. शेजारीपाजारी पोट धरून हसत होते, बूफ जांभया देत होता. मग शेडमधून तुझ्या लेकानं बूफलाच विचारलं की म्हातारी शेवटपर्यंत बसणार की मधेच चहाला उठणार. म्हातारी म्हणाला मेला! शेवटपर्यंत, असं मी बूफला बजावलं.

आणि दवाखान्यात खरंच बसले गं. सगळ्यांकडे पाठ करून, दार अडवून. डॉक्टरांनी कान साफ केले, औषध दिलं. ऑगस्टमध्ये ॲलिसला नेऊन कानाच्या पडद्यात इवलीशी नळी बसवायचीय, म्हणजे सगळे तुझ्याकडेच उतरतील. मग नीट ऐकू येईल म्हणाले. रिकीशा बापाच्या कडेवर बाहेर आली तेव्हा मला रडूच फुटलं.

बूफ तुझ्या लेकाच्या गाडीत घोरत होता, तरी लेक माझ्या पाठीमागून मोठ्यानं त्यालाच सांगायला लागला. म्हणाला की चुलतभावाच्या पोरांचेही कान वाहतात. तो चुलतभाऊही नात्यानं सासूबाईंचा जावईच, म्हणून पोरांना आणायला त्याच्या घरी त्यांना जाता येत नाही. तर पुढच्या वेळी त्या पोरांना तो स्वतः घेऊन येईल, आणि दारात तो बसेल.

गुडघ्यांना जप, उत्तर धाड.
नोरीन