अज्जांचा खांदा

विराजपेट,
९ ऑगस्ट १९९४

चि. चेंगप्पा यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र परवा पोचलं. पाकीट ओलं होतं, पण अक्षर लागलं. तुमच्याकडे ऑगस्टात बर्फ, आणि इथे पाच आठवडे कपडे वाळलेले नाहीत. शाळेत मुलं ओल्या मोज्यांनी बसतात आणि वर्गभर शिंकतात.

अज्जांचं लिहायचं टाळत होते. डॉक्टर शुक्रवारी घरी येऊन गेले. म्हणाले, आता दवाखान्यात नेऊन हाल करू नका, महिना, फार तर दीड. अज्जांना मी काही सांगितलं नाही, पण त्यांना न कळण्यासारखं काय आहे. काल मला म्हणाले, लग्नातला पांढरा कुप्या माळ्यावरच्या पेटीत असेल, तो काढून चुलीजवळ टांग, कुबट वास येत असेल. तो अंगरखा आपल्याकडे पुरुष दोनदाच घालतो, बोहल्यावर आणि तिरडीवर. मी विचारलं की पोरगी बघायला निघालात की काय. तर म्हणाले, तुझी आजी तीस वर्षं थांबलीय, असा कुबट गेलो तर दारातूनच परत पाठवेल.

तर मी चुलीवरच्या माळ्यावर चढले. कुप्या मिळाला. पेटीच्या मागे जुन्या घोंगड्यांत गुंडाळलेलं काही लांब होतं. मला वाटलं, बांबूच्या काठ्या असतील. चेंगू, बंदुका निघाल्या. सात.

तू म्हणशील, कोडगूत घरोघरी बंदुका, त्यात कसलं नवल. पण या घरात? कैलपोदच्या सणाला बंदुकांची पूजा झाली की सगळे नारळावर नेम धरायला मैदानात जातात, आणि अज्जा दरवर्षी म्हणतात की खांदा दुखतोय. मला समजायला लागल्यापासून तो खांदा दुखतोच आहे. गावात कुणी कामाला टाळाटाळ केली तर त्याला बिद्दप्पाचा खांदा झालाय म्हणतात. मंदण्णा काका तर त्यांच्या तोंडावर म्हणतात. आपली दुनळीही तुझ्या-माझ्या लहानपणीच विकली असं अज्जा सांगायचे. त्या माणसाच्या माळ्यावर सात बंदुका, तेल लावलेल्या, नळीत बोळा घातलेल्या.

मी त्या होत्या तशा झाकून ठेवल्या. कुणाच्या आहेत, कागद आहेत की नाहीत, काही माहीत नाही. अज्जांना विचारायचा धीर होत नाही. रात्रंदिवस तेच डोक्यात आहे.

आणखी एक. तुझ्या रजेचं बघ. आपल्याकडे माणूस गेल्याचे दोन बार लागोपाठ निघाल्याशिवाय गाव गोळा होत नाही. ते बार तू काढायला हवेस. तू नसलास तर मंदण्णा काका काढतील. ज्यांनी जन्मभर त्या खांद्याची टिंगल केली त्यांच्या हातून अज्जांनी जावं, हे मला बरं वाटत नाही. एवढंच मागणं आहे.

जपून राहा. पायमोजे दोन घालत जा. तुझा लोभ आहेच, तो तिथल्या थंडीत गोठू देऊ नकोस.

तुझी,
पूवम्मा अक्का


५६ एपीओ,
१८ ऑगस्ट १९९४

ती. अक्कास,
चेंगप्पाचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी इतका मोठ्याने हसलो की सुभेदारसाहेब तंबूत डोकावून गेले. अज्जांकडे सात! माझ्या अख्ख्या चौकीवरच्या पहाऱ्यावर एका वेळी इतक्या नसतात. पोलिसांत वगैरे जाऊ नकोस. आधी सगळ्या नीट उलगडून बघ, कागद असतीलच. अज्जांनी रेशनची पावतीसुद्धा कधी फेकली नाही. नळ्या रिकाम्या आहेत ना ते पाहा, आणि पाहताना तोंड भिंतीकडे असू दे. तुझं नव्हे, बंदुकीचं.

आता वाईट बातमी. रजा नामंजूर झाली. दोन अधिकारी आजारी पडून खाली गेलेत, त्यामुळे ऑक्टोबरच्या आधी मला हलता येणार नाही. तुझं ते एक मागणं वाचून मी पुन्हा साहेबांकडे गेलो होतो. माणूस चांगला आहे, त्यालाच वाईट वाटलं. अज्जांना हे सांगू नकोस, किंवा सांग. तुला योग्य वाटेल तसं कर.

एक गंमत आठवली. माझ्या जन्माचा बार थोरल्या अज्जांनी काढला तेव्हा म्हैस दावं तोडून नदीपर्यंत पळाली, ही गोष्ट मी शंभरदा ऐकली असेन. तुझ्या जन्माची अशी गोष्ट कुणी सांगितली नाही, कारण एक बार मुलाच्या जन्माचा असतो आणि मुलीला बारच नसतो. काल पहाऱ्यावर उभा असताना हे पहिल्यांदा मनात आलं. तू अडतीस वर्षांची झालीस तेव्हा सुचलं, रागावू नकोस.

अज्जांना विचारवत नसेल तर शेतापलीकडच्या सीतव्वांना विचार. या घरात कधी मीठ जास्त पडलं तेही त्यांना माहीत असतं.

पत्राला उशीर झाला तरी माया पातळ झाली असं समजू नये.

तुझा,
चेंगू


विराजपेट,
२७ ऑगस्ट १९९४

चि. चेंगप्पा यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

अज्जा आता पेज तेवढी घेतात, आणि गुळाची कॉफी. कॉफी मात्र पूर्वीसारखीच चाखून नावं ठेवतात. पन्नास वर्षं कॉफीच्या गोदामात कारकुनी केलेला माणूस, त्याला काय पाजणार.

तू सांगितल्याप्रमाणे बंदुका उलगडल्या. प्रत्येकीच्या दस्त्याला पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली आहे, कॉफीच्या नमुन्याच्या पिशव्यांना बांधतात तसली. चिठ्ठीवर अज्जांचं गोदामातलं अक्षर. नाव, गाव आणि वर्ष. एकीवर बोज्जम्मा, मैसूरला दिली. एकीवर चोंदम्मा, पत्ता माहीत नाही, चौकशी चालू. सगळी बायकांची नावं. सगळ्यात जुनी एक ठासणीची आहे, तिच्यावर सीतव्वा. मग मी छत्री घेतली आणि शेत ओलांडून गेले.

सीतव्वा अंगणात सुपाऱ्या सोलत होत्या. मी विचारल्यावर आधी म्हणाल्या की तू शिकलेली, तुला एवढी वर्षं लागली होय. मग सांगितलं. त्यांच्या वडिलांना मुलगा नव्हता. वडील गेले तेव्हा चुलते बंदूक उचलायला आले, कारण बंदूक मुलाकडे जाते. अज्जा तिथे जाऊन बसले आणि म्हणाले, पोरीची आहे, तिला ठेवायला जागा नाही तोवर माझ्याकडे राहील. कागद तिच्या नावावर करायला मडिकेरीला स्वतः सहा खेपा घातल्या. पुढे जिथे जिथे फक्त मुली असलेलं घर बंद झालं तिथे अज्जा जाऊन बसले. लोक हसले की नेम धरता येत नाही आणि बंदुका जमवतोय. मग अज्जांनी त्याबद्दल बोलणंच सोडलं. हळूहळू लोक विसरले.

हे त्यांनी का सुरू केलं, असं मी विचारलं. सीतव्वांनी सुपारी खाली ठेवली. म्हणाल्या, तुझ्यामुळे.

मी जन्मले तेव्हा अज्जा काडतूस घेऊन अंगणात उतरले होते म्हणे. पहिलं नातवंड, बार काढायचा म्हणून. थोरल्या अज्जांनी, मंदण्णा काकांच्या वडिलांनी, सगळ्यांसमोर अडवलं. म्हणाले, पोरीसाठी बार काढशील तर शेजारी मुलगा समजून येतील आणि हसून जातील, घराची शोभा करू नकोस. अज्जा वडीलधाऱ्यांना उलट बोलणारे नव्हते. त्यांनी बंदूक उतरवली आणि म्हणाले की खांदा दुखतोय. तेव्हापासून दुखतोच आहे.

मी घरी आले. सातवी बंदूक उलगडली नव्हती, ती उलगडली. आपलीच दुनळी, विकलेली नाही. चिठ्ठीवर पूवम्मा, १४ जून १९५६. बरोबर बिस्किटाचा डबा, त्यात तांदळात पुरलेलं एक पितळी काडतूस. त्याच्या तोंडावर मेणाचे थर आहेत, एकावर एक. दरवर्षी कैलपोदला एक थर दिला असावा. लहानपणी त्या दिवशी अज्जा मला कळलावीची फुलं आणायला पाठवायचे, बंदुकीला वाहायला. घरात एकही बंदूक नाही आणि फुलं एवढी कशाला, असं मी विचारायची. देवाला कमी पडू नयेत, म्हणायचे.

मी खाली येऊन त्यांच्याजवळ बसले. माझ्या हाताला तेलाचा वास होता. ते म्हणाले, सापडलं वाटतं. मी हो म्हटलं. मग म्हणाले की कॉफीत गूळ कमी आहे.

मी उठून गुळाचा खडा आणला.

कैलपोद आठवड्यावर आलंय. मी सातही बंदुका खाली काढणार आहे. मंदण्णा काकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

तुला उत्तर द्यायला वेळ नसेल तर नुसतं कार्ड टाक. दोन ओळींनीही घर भरतं.

तुझी,
अक्का


५६ एपीओ,
४ सप्टेंबर १९९४

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

हेलिकॉप्टर निघतंय, म्हणून घाईत.

दोन्ही बार तू काढायचेस. मी विनंती करत नाही, घरातला मुलगा म्हणून सांगतोय. त्या एका बाराचा आजवर एवढाच उपयोग. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट दाब, सैल धरलास तर तुलाही अज्जांसारखा खांदा होईल, आणि तो खरा दुखेल. नळी आभाळाकडे. पुढचा चाप आधी, मागचा नंतर. मंदण्णा काकांकडून दोन नवी काडतुसं माग. त्यांना म्हणावं चेंगप्पाने सांगितलंय, म्हणजे माझ्या नावाने ओरडतील, तुझ्या नावाने नाही.

ते जुनं काडतूस मात्र वापरू नकोस. अडतीस वर्षांत दारू मेली असणार. आठवण म्हणून ठेव.

अज्जांच्या कानात माझं नाव सांग. मी इथून पाया पडतो आहे, दिशा बरोबर आहे का ते होकायंत्र लावून पाहिलं.

तुझा,
चेंगू


विराजपेट,
१७ सप्टेंबर १९९४

चि. चेंगप्पा यास,
अनेक आशीर्वाद.

तार मिळाली असेल. अज्जा मंगळवारी सकाळी साडेसातला गेले. कॉफी मागितली होती. मी घेऊन आले तेव्हा झोपल्यासारखे होते. तुझं पत्र दोनच दिवस आधी आलं, त्यामुळे तुझं नाव त्यांच्या कानात सांगता आलं. ऐकून भुवई उचलली, म्हणजे कळलं होतं.

आधी कैलपोदचं सांगते. सातही बंदुका दिव्यापुढे मांडल्या. प्रत्येकीच्या नळीत कळलावीचं फूल खोवलं. अज्जांना खुर्चीसकट उचलून आणलं. त्यांनी बोटाने फुलं मोजली आणि मान हलवली. मंदण्णा काका आले, दारातच थांबले आणि म्हणाले, हे काय, म्हाताऱ्याने लढाई काढलीय की काय. मग चिठ्ठ्या वाचत गेले. सातवी चिठ्ठी दोनदा वाचली. माझ्या जन्माच्या वेळी ते बारा वर्षांचे होते, अंगणातच होते. त्या दिवशी त्यांनी खांद्याचं नाव काढलं नाही. पान खाऊन गेले.

मंगळवारी मी त्यांना निरोप पाठवला आणि दोन काडतुसं मागितली. ते स्वतः आले, पण एकच घेऊन आले. पावसाळ्यात एवढंच शिल्लक आहे, म्हणाले. कागदी होतं, थोडं फुगलेलं. बार कोण काढणार असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी. दुसऱ्या नळीत घालायला माझ्याकडे ते पितळेचंच होतं. मी मेण खरवडून काढलं. काका म्हणाले की ते उडणार नाही, उगाच वाईट दिसेल. मला माहीत होतं. पण दोन तर हवेत.

मी अंगणात उभी राहिले. अज्जा कुठे उभे राहिले होते ते मी सीतव्वांना विचारून ठेवलं होतं, फणसाच्या डाव्या बाजूला. तू सांगितलंस तसा आधी पुढचा चाप ओढला. त्या नळीत जुनं होतं. चेंगू, ते उडालं. असा आवाज झाला की फणसावरून सगळे कावळे उठले. मग मागचा चाप ओढला. टक्, एवढंच झालं. घोडा चढवून पुन्हा ओढला. टक्. काकांचं नवं काडतूस ओल खाऊन मेलं होतं.

मी बंदूक उघडली, रिकामी पुंगळी खाली पडली. गावात एकच बार गेला होता.

थोड्याच वेळात पायवाटेवरून लोक यायला लागले, आणि सगळे हसत होते. पलीकडचा पेम्मय्या तर फाटकातूनच ओरडला की या म्हाताऱ्यांच्या घरात मुलगा झाला तरी कुणाला. त्याच्या बायकोच्या हातात मधाची बाटली होती. एकीने बाळाला म्हणून लोकरी टोपी आणली होती. माझ्या हातात बंदूक आणि माझं तोंड पाहिलं तेव्हा सगळ्यांची पावलं एकदम थांबली. पेम्मय्या टोपी काढून चिखलाकडे बघत राहिला.

सीतव्वा सगळ्यांत शेवटी काठी टेकत आल्या. त्यांनी आधी माझ्याकडे पाहिलं, मग खाली पडलेली पितळी पुंगळी उचलली आणि हुंगली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की बरोबरच आलात, मुलगी झालीय, बार तेवढा उशिरा पोचला. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या की हा तुझा झाला पोरी, आता बिद्दप्पाचे दोन काढ.

मंदण्णा काका तडक निघून गेले. मला वाटलं, रागावले. अर्ध्या तासाने परत आले ते डोक्यापासून पायापर्यंत भिजून. खालच्या गावात जाऊन तीन घरं हिंडून दोन कोरडी काडतुसं शर्टाच्या आत धरून आणली होती. त्यांनी स्वतः बंदूक भरली, नळी पुसली आणि माझ्या हातात दिली. मी काढले. दोन्ही उडाले. मग खरं गाव जमलं.

पांढरा कुप्या अज्जांना सैल झाला होता, पण चुलीजवळ राहून छान कोरडा होता. धुराचा वास येत होता. आजी चालवून घेईल.

बाकीच्या पाच जणींना पत्रं टाकली आहेत. चोंदम्मांचा पत्ता लागला, हासनला असतात. सीतव्वांची बंदूक त्यांच्या घरी पोचवली. कुठे ठेवू असं विचारलं तर म्हणाल्या, मुलाच्या खाटेवर ठेव, त्याला म्हणावं तू जमिनीवर झोप. मध मी ठेवून घेतला. बाळाची टोपी परत द्यायला गेले तर जिने आणली तिने घेतली नाही.

ऑक्टोबरला ये. घरी एकटीला कॉफी जास्त होते, अंदाज जमत नाही.

अक्षराला हसू नकोस. तीनही वेळा दस्ता सैलच धरला होता, त्यामुळे उजवा खांदा काळानिळा झालाय आणि फळ्यावर लिहिताना हात वर जात नाही. वर्गातल्या मुलांनी काय झालं म्हणून विचारलं. मी सांगितलं, आमच्या घरात सगळ्यांना होतं.

तुझी,
पूवम्मा अक्का