पाणी जिना चढत नाही

तीर्थस्वरूप आत्या,

वाकून नमस्कार. कंबर आता कशी आहे? (बरी असेल तरच पुढचं वाच. हसलं की उसण भरते, असं तूच म्हणाली होतीस.)

पत्राला कारण आप्पांचे गुडघे. त्यांचं शिलाईचं दुकान तळघरात, संडास वर, मध्ये चौदा पायऱ्या. त्या चढाव्या लागू नयेत म्हणून तुझ्या भावाने दिवसभर पाणी पिणंच सोडलं. डॉक्टर रागावले, मूतखड्याची भीती घातली, तरी ढिम्म. मग मी ठरवलं, खालीच बाथरूम बांधायची. घरातली पहिली पदवीधर मी. त्या शिक्षणाचा घराला काही उपयोग नको का? ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली, चौकटीच्या कागदावर नकाशा काढला आणि प्लंबरकाकांपुढे ठेवला. त्यांनी तो बराच वेळ पाहिला. "नकाशा झकास आहे, ताई. फक्त सांडपाण्याची मुख्य लाइन इथे भिंतीत कमरेएवढ्या उंचीवर आहे. पाणी जिना चढत नाही. तुमच्या वडिलांसारखंच आहे ते."

जमिनीत टाकी पुरून पंप बसवू, असं ते म्हणाले. पण माझ्या नकाशात टाकीला जागा नव्हती. लाइन खाली येत नसेल तर आपण वर जाऊ, असं मी बाणेदारपणे सांगितलं. (वादविवाद स्पर्धेत या वाक्याला टाळ्या पडल्या असत्या.) काकांनी नुसती मान हलवली. शिकलेल्या मुलीच्या नादी कोण लागणार? तर संडासच्या भांड्यासाठी उंच ओटा बांधला आणि ओट्याला पायऱ्या. पाच. आप्पा गुडघे धरत चढले, कपड्यांसकट बसून पाहिलं, तर डोकं छताला टेकलं. तिथूनच म्हणाले, "पोरी, इथे बसून मुजरे घ्यायचे का गं?" आई पदर तोंडाला लावून वर पळाली. मी मात्र रडले.

शेवटी ओटा फोडला, टाकी पुरली, पंप बसवला. आता पाणी गुमान वर जातं. फरशी पांढरीशुभ्र, दाराची कडीसुद्धा नीट लागते. पण अगदीच वेळ आली तर आप्पा अजून चौदा पायऱ्याच चढतात आणि पाण्याला शिवत नाहीत. विचारलं तर "बघू" म्हणतात. माझा सगळा खटाटोप फुकट गेला, आत्या.

तुझी,
भाची

ता. क. – आत्ताच आईने खरं कारण सांगितलं. म्हणे तुमच्यात नव्या वस्तूला पहिला हात थोरल्या बहिणीचा. शिलाई मशीनवर पहिली टीपही तूच घातली होतीस ना? "अक्काच्या आधी मी कसा बसू?" असं ते आईला म्हणाले, आणि तुला सांगायची त्यांना लाज वाटते. तेव्हा रविवारी सकाळच्या बसने ये. नाही म्हणू नकोस.

आणखी एक – असल्या रूढी मला मुळीच मान्य नाहीत, हे तू जाणतेसच. दाराला लाल फीत बांधून ठेवली आहे.

आणि हो, प्रवास लांबचा आहे, कल्पना आहे मला. पण वाटेत बस थांबली तरी तू उतरू नकोस.