नापास चप्पल

तीर्थरूप काकांना,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग हल्ली कागदावरच घालतो, कारण खाली गेलेली कंबर वर यायला तयार नसते.) तुमची तब्येत कशी आहे? गुडघा काय म्हणतो? चौथ्या मजल्यावरची हवा मानवली का? ताई आणि जावईबापू मजेत असतील. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मला ओरडता येत नाही, शिवाय ताई मध्येच फोन घेऊन तुमच्या वतीने उत्तरं देते, म्हणून हे पत्र. इकडे मी ठीक आहे, तुमची सूनबाई ठीक आहे, मागच्या अंगणातला नळ अजून गळतो. दर फोनला तुम्ही नळाची चौकशी करता, मागच्या दाराच्या कडीची करता, विजेच्या मीटरचीसुद्धा करता. ढोल्याची करत नाही. मीही आपणहून सांगत नाही. तुम्ही गेल्यापासून आपण दोघे नुसते नळावर बोलतो आहोत. पण आता सांगायलाच हवं. ढोल्या जेवत नाही. म्हणजे अगदीच काही खात नाही असं नाही, सूनबाईने हाताने भरवलं तर तिचा मान राखण्यापुरते दोन घास घेतो, पण आता तो नावापुरताच ढोल्या उरला आहे. गळ्यातल्या पट्ट्याला आणखी आत भोक पाडावं लागलं.

तो का जेवत नाही हे कळण्यासाठी तुम्हाला आमच्या धंद्याची कर्मकहाणी ऐकावी लागेल, त्याला इलाज नाही. एका अर्थी तिची सुरुवात तुम्हीच केलीत. (दोष देत नाही. दोष देण्याइतका उत्साह राहिलेला नाही.) शेजारच्यांनी कौतुकाने दिलेलं ते कापडी बदक आठवतं ना? ढोल्याने त्याचा डोळा गिळला आणि ढोल्याचं पोट फाडायची वेळ आली. तुम्ही दवाखान्याबाहेरच्या बाकावर बदकाचा दुसरा डोळा मुठीत धरून बसला होतात, आणि डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा तो त्यांच्यापुढे धरून म्हणालात, “असा आहे, असाच शोधा.” पोटातला त्यांनी आधीच काढला होता. घरी आल्यावर तुम्ही मला म्हणालात, नाहीतरी तुझं ऑफिस बंद पडलंय, बसून माश्या मारण्यापेक्षा मुक्या जनावराला चावता येईल आणि चावून मरता येणार नाही असं काहीतरी कर. एवढं बोलून तुम्ही चहा प्यायला गेलात. मी मात्र ते मनावर घेतलं.

मला वाटलं होतं, दोरीला चार गाठी मारल्या की झालं खेळणं. मग एक डिझाइनवाली मुलगी भेटली. हुशार आहे, पण तिच्या घरी मांजर आहे, त्यामुळे कुत्र्यांविषयी तिचं मत मुळातच फारसं बरं नाही. तिने आधी काय करायचं नाही ते सांगितलं. डोळे नकोत. बटणं नकोत. आत पिपाणी नको, कारण कुत्रा आधी पिपाणीच काढून खातो. घशात जाईल असा कुठलाही भाग नको. लाळेत उतरेल असा रंग नको. शिवण दिसेल अशी नको, दोरा सुटेल असा नको. खेळण्यातलं खेळणं म्हणता येईल ते सगळं काढून टाकल्यावर एक गोळा उरला. त्याला आरपार भोक, म्हणजे समजा अडकलाच तर श्वास चालू राहावा. रंग आजारी माणसाच्या चेहऱ्यासारखा. मी विचारलं, यात कुत्र्याला आवडण्यासारखं काय आहे? ती म्हणाली, ते नंतर बघू, आधी तो जिवंत राहू दे. मला हे पटलं. तुम्हालाही पटलं असतं.

कारखानदार सापडला तो नळाचे वॉशर आणि मोरीची बुचं बनवणारा. (आपला नळ गळतो हे मी त्याला मुद्दामच सांगितलं नाही, उगाच पहिल्याच भेटीत टोमणा नको.) माणूस भला, पण त्याच्या लेखी रबर ते रबर. कशात काय मिसळलं आहे ते लिहून द्या म्हटलं की तो दुखावल्यासारखा बघायचा. “अहो, लहान बाळांच्या वस्तूंना कोणी इतकं विचारत नाही,” असं तो म्हणाला, आणि त्या दिवसापासून सूनबाईने लहान बाळांच्या वस्तूंचीही धास्ती घेतली. पहिले गोळे आले त्यांना नव्या टायरचा वास. ढोल्या शिंकला आणि पलंगाखाली गेला. दुसरे आले ते इतके टणक की डॉक्टरीणबाईंनी त्यावर अंगठ्याचं नख रोवून पाहिलं, नख उमटलं नाही, तेव्हा म्हणाल्या की जिथे नख उमटत नाही तिथे दात तुटतो, परत न्या. तिसरे नरम झाले. ते शेजारच्या कुत्र्याने आमचा चहा होईपर्यंत संपवले. (तो ठणठणीत आहे. शेजारी आमच्याशी बोलत नाहीत.) शेवटी एक गोळा सगळ्यांना मान्य झाला. त्याला लाल दोऱ्याने ‘मंजूर सँपल’ अशी चिठ्ठी बांधली. या धंद्यात तशी रीतच आहे: एक सँपल पक्कं करायचं, त्याला खूण करायची, पुढे जे बनेल ते हुबेहूब त्याच्यासारखं बनवायचं. आणि कारखान्यात सगळ्यांना सांगून ठेवायचं की लाल दोऱ्याचं जे असेल ते तपासणीला प्रयोगशाळेत जाईल.

आता चप्पल. तुम्हाला माहीत आहे, तुम्ही निघालात त्या दिवशी ताईने बॅगा भरल्या तेव्हा तुमची डावी चप्पल बॅगेत गेली आणि उजवी कुठे सापडेना. ती पलंगाखाली ढोल्याच्या हनुवटीखाली होती. ते तुम्हीही पाहिलंत, मीही पाहिलं, आणि तुम्ही ती तशीच राहू देऊन बूट चढवलेत. ताईच्या इमारतीत कुत्रा चालत नाही, त्याला कोण काय करणार. तुम्ही गेल्यावर ढोल्याने एक शिस्तच लावून घेतली. जेवायची वेळ झाली की चप्पल तोंडात धरून आणायची, ताटलीशेजारी ठेवायची, आणि मग जेवायचं. चप्पल नसेल तर तो ताटलीकडे बघतही नसे. आम्ही आपले हसायचो. सूनबाई म्हणायची, काकांची पंगत बसली.

हे मी कौतुकाने डिझाइनवाल्या मुलीला सांगितलं, तर तिचे डोळे चमकले. तिला चप्पल बघायचीच होती, किती नरम, किती जाड, दात कुठे उमटतात, सगळं. म्हणजे आमच्या गोळ्यात जे नाही ते तिला सापडणार होतं. दुपारी ढोल्याचा डोळा लागल्यावर मी ती अलगद काढून घेतली, संध्याकाळच्या जेवणाआधी परत आणायच्या बोलीवर. ती मुलगी कारखान्यातच बसली होती. तिने चप्पल मापली, दाबली, वाकवली, नाकाजवळ नेली आणि लगेच लांब केली (माफ करा), आणि टेबलावरच्या पसाऱ्यात कुठे हरवू नये म्हणून हाताशी होता तो लाल दोरा बांधून ठेवली. मग आम्ही चहाला गेलो. परत येईपर्यंत पॅकिंगवाल्याने खोकं बंद करून गाडीवर चढवलं होतं. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. लाल दोरा दिसला, त्याने पाठवली.

मी प्रयोगशाळेत धावत गेलो. पोचलो तेव्हा फार उशीर झाला होता. तिथल्या पांढऱ्या कोटातल्या बाई अतिशय शांत आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि तुमच्या चपलेचं काय काय झालं ते क्रमाने सांगितलं. आधी ती यंत्राच्या दोन चिमट्यांत धरून पट्टा तुटेपर्यंत ओढली. मग तिचे तुकडे खोट्या लाळेत भिजत घातले. (खोटी लाळ मिळते, काका. बाटलीत असते.) मग त्यातल्या काहींची पूड करून रंगात शिसं वगैरे आहे का ते पाहिलं. इतकं मन लावून कुणी माझी कधी तपासणी केली नाही. अहवालही आला. त्यात वर्णन आहे, ‘पादत्राणाच्या आकाराचे खेळणे, उजवे’. पट्टा थोड्याशा ओढीने सुटतो, नापास. टाचेत खिळा, नापास. रंग लाळेत उतरतो, नापास. शेवटी लिहिलं आहे की ही वस्तू प्राण्यांच्या तोंडी देण्यास सर्वस्वी अयोग्य आहे. आमचा गोळा मात्र सगळ्या चाचण्यांत पास झाला. बाई म्हणाल्या, इतकी निर्धोक वस्तू आमच्याकडे क्वचित येते. मी त्यांचे आभार मानले.

तेव्हापासून रोज ताटलीशेजारी मी तो गोळा ठेवतो. ढोल्या येतो, गोळा हुंगतो, माझ्याकडे बघतो आणि जाऊन दाराकडे तोंड करून बसतो. चपलेचे उरलेले तुकडे प्रयोगशाळेने पिशवीत घालून दिले होते, पण खोट्या लाळेनंतर त्यात तुमचं काही राहिलं नव्हतं. त्याने पिशवीत नाक घातलं आणि काढून घेतलं. मी माझी चप्पल ठेवून पाहिली, ती त्याने तोंडात धरून माझ्यापाशी आणून ठेवली, एखाद्याने विसरलेली वस्तू परत करावी तशी. तुमच्यासारखी नवी जोडी आणली, तुमच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून ठेवली. सदरा घेतला, चप्पल राहू दिली. आता सदऱ्यालाही आमच्या घराचाच वास लागला आहे. डॉक्टरीणबाईंनी पोट तपासलं, दात तपासले, रक्त तपासलं. कुठे काही नाही. म्हणाल्या, वय झालंय, असं फार दिवस चालणार नाही, त्याला जे हवं असेल ते लवकर शोधा. बदकाच्या डोळ्याच्या वेळी निदान काय शोधायचं ते ठाऊक होतं.

आणि वर पाकिटं छापून आली आहेत. त्यावर ढोल्याचा तरणेपणीचा फोटो, जीभ बाहेर, आणि खाली ‘ढोल्याने स्वतः चावून पसंत केलेले’. सूनबाईने एकही पाकीट घराबाहेर जाऊ दिलेलं नाही. तिचं म्हणणं, ज्याने चावलं नाही त्याचं नाव घालून विकायचं नाही. दुकानदार फोन करतात, मी नळाचं काम चाललंय म्हणून सांगतो. सगळी खोकी तुमच्या खोलीत रचून ठेवली आहेत. जगात कुठल्याही कुत्र्याला धोका नाही असे गोळे छतापर्यंत भरले आहेत, आणि ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप केला तो बाहेर उंबऱ्यापाशी पडून असतो. मला भीती वाटते, काका. याहून चांगल्या शब्दांत मला सांगता येत नाही.

बाकी सर्व क्षेम. काळजीचं काही कारण नाही. ताईला नमस्कार, जावईबापूंना नमस्कार. गुडघ्याला जपा.

तुमचा आज्ञाधारक (आणि तूर्त नापास) पुतण्या

ता. क. तुमची डावी चप्पल बॅगेत तशीच पडून असेल तर सवडीने टपालाने पाठवावी. डिझाइनवाल्या मुलीला काही मापं राहिली आहेत, त्यासाठी हवी. केवळ धंद्याचं काम आहे, मनावर घेऊ नये.

ता. क. २ सूनबाईने पत्र वाचलं आणि मापाचं कोणाला पटेल असं विचारलं. तर मापं वगैरे काही नाही. त्या मुलीला आम्ही चप्पल दाखवणारसुद्धा नाही. चप्पल ढोल्यासाठी हवी आहे, आणि लवकर हवी आहे. पुसू नका, उन्हात ठेवू नका, आणि मुख्य म्हणजे ताईच्या हाती लागू देऊ नका, ती धुऊन टाकेल.

ता. क. ३ (सूनबाईच्या हातचे) काका, नमस्कार. नळ मी तुम्ही गेलात त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतला. फोनवर तुमच्याशी बोलायला काहीतरी हवं म्हणून हे तो गळवत ठेवतात. तुमच्या खोलीतली खोकी मी आज बाहेर काढली आणि पलंगावर चादर घातली. ताईंशी माझं बोलणं झालं आहे, त्या रागावलेल्या नाहीत. चप्पल टपालाने पाठवू नका. पायात घालून या. उजव्या पायात काय घालायचं ते तुम्ही बघा.