गोल बी, चपटी बी

इंदापूर,
११ जुलै १९९४

चि. ताईबाई हिस,
श्रीपतीदादाचा जयभीम आणि उदंड आशीर्वाद. वि. वि.

इथे मी एकटा बरा आहे. सांगवीला तुम्ही सगळे मिळून बरे असाल असं धरून चालतो.

चिकमगळूरचं पार्सल आलं. ट्रेनिंग कॉलेजातला माझा खोलीसोबती आता तिकडे मुलाकडे राहतो, पण पावसाळा लागला की कच्ची कॉफी धाडायला चुकत नाही. यंदाची गोल बी फार देखणी आहे. ओंजळीत घेतली तर हिरवट-राखी, जणू आभाळाचे मणी. रिवाजाप्रमाणे अर्धी एस.टी.च्या पार्सलने तुला पाठवली आहे. तुझ्या कुन्नूरच्या मुनिअम्माची चपटी बी आली की तिच्यातली अर्धी इकडे येऊ दे. गोल बी एकटी असली की कॉफी तोऱ्यात बोलते, चपटी एकटी असली की बोलतच नाही. दोघी एका किटलीत आल्या म्हणजे मैफल जमते.

परतीची मूठ विसरू नकोस. तू भाजलेली एक मूठ मला, मी भाजलेली एक मूठ तुला, आणि मग एकमेकांच्या हाताला नावं ठेवायची. रावजी पलटणीत असताना वेलिंग्टनच्या क्वार्टरात तू मुनिअम्माकडून भाजायला शिकलीस, सुट्टीवर आलीस तेव्हा तुझ्या वहिनीला शिकवलंस, आणि तिच्या शेजारी बसून मी शिकलो. आता रावजी नाहीत, तुझी वहिनीही जाऊन दोन वर्षं झाली. चहाच्या या मुलखात कढई घेऊन बसणारे आपण दोघेच उरलो.

संध्याकाळी शाळा सुटल्याचा गलका ऐकू येतो आणि मी उगाच खडूसाठी खिसा चाचपतो. असो.

माझी आठवण आली तर नुसती ठेवू नकोस, पोस्टात टाक.
तुझा दादा,
श्रीपती

*

सांगवी,
२४ जुलै ९४

ती. दादास,
ताईबाईचा पाया पडून जयभीम. वि. वि.

पार्सल मिळालं, पण त्याचं काय झालं ते लिवायला हात धजत न्हाय. मी दोन दिस काटेवाडीला बारशाला गेले हुते. इकडं सूनबाईनं, करुणानं, पिशवी बघितली. तिला वाटलं मामांनी नवीन कायतरी कडधान्य धाडलं. सगळं भिजत घातलं, फडक्यात बांधलं, वर पाटा ठेवला. मी आले तर म्हणती, आत्या, मोडच येईना, किती चिवट हाय वो. मी फडकं सोडलं न् कपाळावर हात मारला. सोमनाथ हसून हसून लोळला. म्हणला, आई, आता उसळ तरी कर.

बिचारी रडायला लागली म्हणून मीच तिला चहा करून दिला. तिनं चहाशिवाय कायबी बघितलेलं न्हाय. या घरात पाच माणसं हायती, पण कॉफीला मी एकटीच. मी कढई लावली की सगळी नाक धरून अंगणात पळत्यात.

आता तुझ्या वाटणीतली थोडी तूच भाजून धाड. मूठभर नको, चांगला डबाभर. मुनिअम्माचं अजून आलं न्हाय.

तुझी माया हाय तेवढी पुरं, डबा मात्र मोठा धाड.
ताईबाई

*

सांगवी,
१२ ऑगस्ट ९४

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

डबा मिळाला. चिठ्ठीत तू लिवलंस की ढगाळ हवेमुळं रंग जरा गडद आला. दादा, ह्यो रंग न्हाय, कोळसा हाय. दाताखाली धरला तर राख झाली.

मागल्या दोन मुठी अशाच हुत्या. तवा मी म्हणलं, म्हातारा कवितेत गुंगला असंल. पर डबाभर बी जळंस्तवर कुणी गुंगत न्हाय. धुरानंच माणूस उठून पळंल. खरं सांग, तुला वास येत न्हाय का?

आणि येत न्हाय तर ग्यास कसा वापरतोस? नळी सुटली तर तुला कळायचं कसं? हे मनात आलं तवापासनं मला झोप न्हाय. सोमनाथनं आपल्या तोंडानं सांगितलं, मामांना हिकडं आणू. मागली खोली रिकामी हाय. खाट हाय, खिडकी हाय. ये.

वाट बघते, ही काय लिवायची रीत म्हणून लिवत न्हाय.
ताईबाई

*

इंदापूर,
२० ऑगस्ट १९९४

चि. ताईबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पकडलंस. गेल्या हिवाळ्यात ती लांबलेली सर्दी झाली, तिच्यासोबत वास गेला तो परतलाच नाही. डॉक्टर म्हणाले, या वयात कधी परततो, कधी नाही. तुला कळवून काय करायचं, म्हणून गप्प होतो.

पहिल्या पावसाचं, फुलांचं मला काही वाटलं नाही. या वयात कवींनीच ते हुंगावं. पण एका दुपारी तुझ्या वहिनीच्या लुगड्यांची पेटी उघडली. दर दोन-चार महिन्यांनी उघडतो, नुसतं तोंड आत घालून बसतो. तशी उघडली. आत लुगडी होती, घड्या होत्या. बाकी काहीच नव्हतं. त्या दिवशी मला कळलं की ती आता पुरती गेली.

गॅसची टाकी शेजारच्या संभाजीला देऊन टाकली आहे. आता शेगडी आहे आणि कोळसे आहेत. तेव्हा नीट झोप.

सांगवीला मात्र येणार नाही. हे घर मला पाठ आहे, अंधारातसुद्धा चुकत नाही. तुझ्या भरल्या घरात मी येऊन काय करू? कोपऱ्यात बसलेला मामा होऊ? रागावू नकोस.

राग गिळून लोभच ठेव.
श्रीपती

*

सांगवी,
३ सप्टेंबर ९४

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

मी रागावले न्हाय. मी पैज लावते.

मुनिअम्माची बी आली. निम्मी धाडते. करुणानं आपल्या हातानं पिशवीवर लिवलंय, "भिजवू नये". ही बी तू भाज. बराबर झाली तर तू एकटा राह्यला जोगा हायस असं मी मानीन, आणि पुन्यांदा "ये" म्हणून एक अक्षर लिवणार न्हाय. जळली तर दुसऱ्या दिवशी सोमनाथ जीप घिऊन दारात. कुरकुर चालायची न्हाय. दुसऱ्याकडनं भाजून घेतलीस तर मला कळंल. तुझा हात मी वळखते.

जिंकावं असं म्हणून लिवत न्हाय.
ताईबाई

*

इंदापूर,
९ ऑक्टोबर १९९४

चि. ताईबाईस,
आशीर्वाद आणि सोबत एक डबा. वि. वि.

उशीर झाला, कारण उरलेल्या गोल बीवर आधी सराव केला. नाक नाही तर कान लावून बघू म्हटलं. इतकी वर्षं कॉफी भाजली, पण ती बोलते हे कधी ऐकलंच नव्हतं. आधी तुरीच्या वाळक्या शेंगा उन्हात फुटाव्यात तसा तडतडाट होतो. मग ती गप्प होते. मग अगदी बारीक, गंजीत उंदीर फिरावा तशी दुसरी कुजबुज सुरू होते. ती सुरू झाली की संपलं, पुढे कोळसा. उतरवायची ती मधल्या शांततेत.

पण शांतता मोजायची कशी? मी चौथीला शिकवायचो ती ओढ्याची कविता चालीवर म्हटली. पहिला तडतडाट थांबला की सुरू करायची, ओढा नदीला मिळाला की कढई खाली. पहिल्या खेपेला मी इतका रमलो की पुन्हा पहिल्या कडव्यावर गेलो, आणि बी जळून गेली. दुसऱ्या खेपेला घाईत दोन ओळी गाळल्या, बी कच्ची राहिली. तिसऱ्या खेपेला रंग बरोबर उतरला. एवढी चोख कविता पोरांकडूनही मी कधी म्हणवून घेतली नसेल.

चपटी बी एकदाच भाजली. आता तू सांग.

निकाल काहीही असो, नातं तेच.
श्रीपती

*

सांगवी,
१७ ऑक्टोबर ९४

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

बी बराबर झाली. आतपतुर एकसारखी. माझ्यापरास चांगली. मी हारले.

दिलेला शब्द पाळीन. दिवाळीत सोमनाथला बोनस मिळाला तर घराला रंग द्यायचा म्हणत्यात. बाकी ठीक.

ताईबाई

*

इंदापूर,
२८ डिसेंबर १९९४

चि. ताईबाईस,
आशीर्वाद. वि. वि.

तुझी तिन्ही पत्रं मिळाली. रंग कोणता दिलात, करुणाने कोथिंबिरीचे किती वाफे लावले, शेळी व्याली, सगळं वाचलं. दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं ते एक वाक्य कुठे राहून गेलं का बघायला. तू शब्दाची फार पक्की आहेस.

पैज जिंकल्यावर मी आठवडाभर ऐटीत होतो. संभाजीला बोलावून कॉफी पाजली. त्याने चार चमचे साखर घातली आणि औषध चांगलं आहे म्हणाला. नंतरच्या खेपाही बरोबर उतरल्या. बी बरोबर भाजते, घोट बरोबर उतरतो, पण जिभेला नुसता कडू आणि गरम लागतो. ती कशी झाली आहे हे सांगणारं घरात कुणी नाही. मी कपात बघतो आणि रंगावरून अंदाज करतो.

थंडी पडली आहे. दिवस लवकर मावळतो. आपल्याच पावलांचा आवाज मागून आल्यासारखा वाटतो आणि मी वळून बघतो.

तू विचारणार नाहीस, म्हणून मीच विचारतो. ती मागची खोली अजून रिकामी आहे का?

उत्तराच्या वाटेवर,
तुझा दादा

*

सांगवी,
५ जानेवारी ९५

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

तुझं पत्र करुणानं वाचलं, मग मी वाचलं.

खोली दिली, दादा. एमायडीसीत सोमनाथच्या हाताखाली एक पोरगा हाय, सिद्धू. बायको पोटुशी, बारामतीत भाडं झेपंना. नोव्हेंबरात इचारायला आला. मी म्हणलं, माझा भाऊ येणार हुता, पर त्यो आता येत न्हाय. माझ्याच तोंडानं म्हणले. तुझी बी बराबर झाली म्हणून दिली. डब्यात एक जरी दाणा जळका निघाला असता तर दिली नसती. मी समदे दाणे बोटानं फिरवून बघितले हुते.

पर तू म्हण नुसतं. त्यांना सांगते दुसरीकडं बघा म्हणून. माझा भाऊ हाय, मला कोण काय म्हणंल?

ह्या टपालाला लगोलग उत्तर धाड.
ताईबाई

*

इंदापूर,
११ जानेवारी १९९५

चि. ताईबाईस,
आशीर्वाद. वि. वि.

त्यांना काही सांगू नकोस. दिवस भरत आलेल्या बाईला उठवून त्या खाटेवर मला झोप लागेल का? करुणाला म्हणावं, तिच्याकडे लक्ष ठेव. बाळ झालं की मला कळव, मी टोपडं पाठवीन.

मी मेमध्ये येईन. तेव्हा अंगणात निजता येतं, खोली लागत नाही. पाऊस येईपर्यंत राहीन आणि मग परत जाईन. एवढं सोमनाथला चालेल ना, ते विचारून ठेव.

चिकमगळूरला लिहिलं आहे. यंदाची बी त्याने लवकर धाडली तर येताना सगळीच घेऊन येईन, अर्धी नव्हे. भाजून आणणार नाही, कच्चीच आणीन. मला एकट्याला जमतं हे तुलाही कळलं, मलाही कळलं. आता ते पुन्हा करून दाखवायची इच्छा नाही. अंगणात शेगडी मांड आणि भाजायला तूच बस. कढई कधी उतरवायची ते तू ठरव. मी जवळ बसेन.

तोवर चार महिने आहेत. पत्रं जरा लांब लिही, शेळीबद्दल लिहिलंस तरी चालेल.

तुझा दादा,
श्रीपती