कलम सहामधला ‘च’

१८ फेब्रु.
पुण्यात बैठक. मोबाइलवर येणाऱ्या आपत्तीच्या इशाऱ्यांचं मानक ठरवायचंय. म्हणजे उद्या प्रत्येक फोनमध्ये काय असायला हवं, त्याचा नियम. समितीत बहुतेक माणसं फोन कंपन्यांची. अध्यक्ष सबनीस, तेही कंपनीचेच. मी ग्राहक प्रतिनिधी. टेलिफोन खात्यातून निवृत्त, बी.ए., लोणावळ्याची, निरुपद्रवी. असं समजूनच घेतलं असणार.
कलम सहा. पहिल्या मसुद्यात होतं : फोनने इशारा मोठ्याने वाचून दाखवलाच पाहिजे. आज : वाचून दाखवावा. ‘च’ गेला, ‘पाहिजे’ गेलं. स. हसून म्हणाले, “मॅडम, भाषा जरा मऊ केली.”
मऊ! दाखवला तर दाखवला. जेवण मात्र चांगलं होतं.

२० फेब्रु.
हौसाला विचारलं. शेजारच्या बंगल्यावर कामाला येते. राहते वडिवळे धरणाच्या वरच्या वाडीत, अगदी कड्याखाली. गेल्या पावसाळ्यात दरड आली त्याआधी फोनवर इशारा आला होता का?
“आलता की. टुंग वाजलं. आमी समदी भातात, घरी सासू. तिला वाचता येत न्हाई. तिला वाटलं कंपनीची जाहिरात. टाकली पुसून.”
गोठा गेला, म्हैस गेली. म्हातारी ओट्यावर होती म्हणून...
फोन बोलला असता तर?
“पळाली असती की! कान लय तिखट हायेत तिचे. सुनेचं समदं ऐकू येतं.”

४ मार्च
ऑनलाइन बैठक. हौसाच्या वाडीचं सांगितलं. स. : जुन्या मॉडेलांत बोलता इशारा बसवायचा तर सॉफ्टवेअर नव्याने लिहावं लागेल, कंपन्यांना परवडणार नाही. मी : मानक कंपन्यांसाठी की माणसांसाठी? माझा माइक बंद झाला. आपोआप, म्हणे. पुन्हा चालू केला, हरकत नोंदवली. मी चकार शब्द काढू नये अशी इच्छा दिसते. मला तर चकारच हवाय.
समितीचे नियम बारकाईने वाचले. मानक सर्वानुमतेच मंजूर होतं. एकाचीही हरकत कायम राहिली तर अडतं. म्हणून तर सगळे एवढे गोड बोलतात.

९ मार्च
स. घरी. चिक्की घेऊन! लोणावळ्यात राहणारीला चिक्की.
प्रस्ताव : हौसाच्या वाडीला घरटी एक नवा फोन, बोलणारा, पावसाआधी. छोटासा कार्यक्रम, माझ्या हस्ते. मी हरकत मागे घ्यायची. “तुम्हाला वाडी वाचवायची आहे ना, मॅडम?”
चहा दिला.

१० मार्च
हौसाला सगळं सांगितलं. तिच्यापासून कसं लपवणार?
“घ्या की मावशी! फोन कुनाला नगं?”
आणि बाकीच्या वाड्या? त्यांच्याकडे जुनेच फोन राहणार.
“त्यांचं ते बघतील. आमच्या डोक्यावर कडा हाय.” जाता जाता म्हणाली, “तुमचा त्यो च लय म्हाग पडतोय आमाला.”
चूक नाही तिची. दिवसभर चिडचिड. तिच्यावर नव्हे.

११ मार्च
फोन बिघडतात, नियम राहतो. पण कडा नियमाची वाट बघेल का?
तरीही. स.ना मेल : फोन द्या, वाडीला गरज आहे. त्याचा माझ्या हरकतीशी संबंध जोडू नका. हरकत कायम.

१९ मार्च
परवाच्या बैठकीचं इतिवृत्त आलं. ‘कलम सहा सर्वानुमते मंजूर.’ मी तिथे बसून होते! दोनदा हरकत नोंदवली, मोठ्याने. सहीसाठी खाली चौकट. तिच्यात लिहिलं : सर्वानुमते नाही, माझी हरकत आहे. सही ठोकली. एक प्रत समितीला, एक वर मंत्रालयात.

२३ मार्च
समितीची ‘फेररचना’ होणार. पुढच्या बैठकीचं बोलावणं मला नाही. वाडीला नवे फोनही मिळणार नाहीत. हौसाला सांगितलं. शेजारचं अंगण झाडत राहिली.
मग, “फोन तर घालवलेत तुमी. आता जुनं फोन बोलतं कवा करनार, त्ये सांगा.”
“सोमवारी पुण्यात बैठक आहे.”
“तुमाला बोलावलंय?”
“नाही.”
“मंग?”
“जाणार.”
खराटा भिंतीला टेकवून माझ्याकडे बघत राहिली. “सासूला आनू का संगं? तिची म्हस गेलीय. एकदा सुरू झाली का कुनाच्या बाला ऐकायची न्हाई.”
सोमवारी सकाळी कामशेत स्टेशनवर भेटायचं ठरलं, तिघींनी. आत सोडतात का, बघू.