वगळलेल्या नऊ चाचण्या

सर, तुम्ही विचारलं होतं, "एकदाही चुकलं नाय?" आणि मी म्हणाले होते, "नाही सर." कॉलेजच्या प्रयोगशाळेत आपण दोघं तुमच्या घरून काकूंनी दिलेल्या डब्यातली भाकरी खात होतो. वाटेत विस्कटलेला संदेश सरळ करायचा, तोही पाठवणाऱ्यानं मुळात काय पाठवलं याचा नमुना हाताशी नसताना. हा माझा एम.टेक.चा विषय तुम्हीच दिलेला. जमलं की लहरी दाखवणाऱ्या स्कोपच्या पडद्यावर उघड्या डोळ्यासारखी आकृती दिसायची. "डोळा बंद राहिला तर तेही लिही, त्याच्यासाठीच तर करतोय आपण," असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलं होतं. वीस चाचण्यांत नऊदा तो बंदच राहिला. मी अकराच लिहिल्या. अजिंठ्याकडच्या मेंढपाळाच्या घरातून आलेली मी, मला वाळूजच्या कारखान्यातली ठरलेली नोकरी हातची जाऊ द्यायची नव्हती. तुम्ही विश्वासानं सही केलीत.

दीड वर्षानं दुसऱ्या कॉलेजातून पत्र आलं, की ही पद्धत त्यांच्याकडे निम्म्या वेळा चालतच नाही. चौकशी बसली. तुमचा फोन आला तेव्हा मी शिफ्टच्या बसमध्ये होते. "खरं सांग बाई, किती फसल्या होत्या?" मी म्हणाले, "एकही नाही." तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात. समितीपुढं तुम्ही सांगितलंत, "आकडे मी तपासले होते, चूक माझी." तुमचे विद्यार्थी काढून घेतले. त्याच हिवाळ्यात तुम्ही गेलात.

तिसऱ्या दिवशी मी तुमच्या घरी आले. काकूंनी तुमची वही माझ्या हातात दिली. "लई दिवस हेच करत बसायचे. बघ, तुला कळंल." मी उघडली. प्रयोगशाळेतल्या यंत्रावर राहिलेल्या नोंदींवरून तुम्ही माझ्या वीसही चाचण्या पुन्हा केलेल्या होत्या. नऊ आकड्यांभोवती लाल गोल. वर तारीख, मला फोन केला त्याच्या आदल्या दिवसाची.

म्हणजे तुम्हाला माहीत होतं. तुम्ही फक्त मला बोलायची संधी देत होतात.

"काय लिवलंय?" काकूंनी विचारलं.

"जुनी गणितं आहेत, काकू."

हे तुम्हाला लिहिलेलं पत्र खरं तर काकूंना द्यायला हवं. शहागंजातलं त्यांचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. सर, गेल्या महिन्यापासून मी लांबच्या रस्त्यानं जाते.