त्रियानाची भट्टी, विनाअट

मी, फेलिपा, रोटी भाजणारा भट्टीवाला आंतोन याची विधवा, राहणार त्रियाना, सेव्हिल शहरासमोर नदीच्या अलीकडच्या काठी, कुंभारांच्या गल्लीत, वय अदमासे पंचावन्नच्या पुढे, आज स्वखुशीने लिहून ठेवते की माझे शरीर थकले आहे, पायांवर सूज चढली आहे, परंतु डोके ठिकाणावर आहे. मजवर कोणाचे दडपण नाही. हे शेवटचे वाक्य मी दस्तलेखक पिनेदा यांना दोनदा वाचायला लावले. "बाई, हे वाक्य सगळ्यांच्याच मृत्युपत्रात असतं," असे ते म्हणाले. असेना का. माझ्या बाबतीत ते खरे व्हायला अर्धे आयुष्य गेले.

माझा आत्मा देवाच्या स्वाधीन. देह आंतोनशेजारी पुरावा. मेणबत्त्या मोजक्याच लावाव्यात. धुराने मला आधीच पुष्कळ खोकवले आहे.

कलम पहिले, जन्मस्थानाविषयी. पिनेदा म्हणतात की हे लिहावेच लागते. माझा जन्म दर्यापारच्या मोत्यांच्या किनाऱ्यावर झाला. आमचा गाव खाडीच्या तोंडाशी होता. मी न्हातीधुती होण्याच्या वयात असताना कप्तान बाल्तासार रिंकोन याचे जहाज पाणी भरायला तिथे लागले. त्याचे शब्द मी ऐकल्याबरोबर तसेच्या तसे म्हणून दाखवत असे. लोक हसत, तोही हसे. जाताना त्याने मला जहाजावर घेतले. "पोपट आहे ही पोरगी. चांगली दुभाषी होईल," असे तो म्हणाला, हे मला त्याची भाषा आल्यावर कळले. आईला त्याने हातांनी खुणा करून सांगितले की हिला परत आणतो. आई किनाऱ्यावर उभी होती. ती रडत नव्हती, कारण तिचा त्याच्यावर विश्वास बसला होता.

जहाज किनाऱ्याकिनाऱ्याने दूरवर गेले. तिथल्या लोकांचे बोलणे मी जन्मात ऐकले नव्हते. कप्तानाने मला होडीच्या टोकाशी उभे केले.

"विचार त्यांना, सोनं कुठं मिळतं."

"धनी, ही माझी भाषा नव्हे."

"तुम्हा सगळ्यांची भाषा एकच. विचार!"

"मला एक शब्दसुद्धा कळत नाही हो."

त्याने मला लबाड ठरवले. समोरच्या लोकांनीही तेच ठरवले असणार, कारण मी त्यांच्यासारखी दिसत होते आणि गोऱ्यांच्या होडीत उभी होते. त्या दिवशी दोन्ही बाजूंनी बाण आणि बंदुका चालल्या, आणि मी मध्ये होडीच्या तळाशी पडून होते. परतीच्या वाटेवर कप्तान म्हणाला की दुभाषी म्हणून ही कामाची नाही, घरकामाची होईल. माझ्या उजव्या गालावर त्याच्या नावाचे पहिले अक्षर डागले गेले. ते अजून आहे. मेल्यावर चेहरा झाकायचा की नाही, हे ब्रिखिदाने ठरवावे.

कलम दुसरे, कप्तान रिंकोन याच्या मृत्युपत्राविषयी. माझ्या मृत्युपत्रात दुसऱ्याचे मृत्युपत्र कशाला, असे पिनेदांनी विचारले. कारण मी त्यात राहिले आहे, जशी माणसे घरात राहतात. कप्तान तापाने गेला. मरताना त्याला देवाची भीती वाटली आणि त्याने लिहून ठेवले: फेलिपा माझ्या पत्नीची तिच्या अखेरपर्यंत सेवा करील, त्यानंतर ती मुक्त आहे. पाद्री मला म्हणाले, "नशीबवान आहेस. धन्यानं तुला मोकळं केलं."

त्याची विधवा, दोन्या मेन्सिया, माझ्याहून फार मोठी नव्हती, आणि प्रकृतीने दणकट होती. आता विचार करा. मी तिला जेवण वाढायची, तिचे अंथरूण घालायची, तिला सर्दी झाली की काढा करून द्यायची, आणि घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होते की तिच्या मरणावर माझे मोकळे होणे टांगलेले आहे. तिलाही ठाऊक होते. काढ्याचा पेला ओठाला लावण्याआधी ती म्हणे, "आधी तू पी, फेलिपा." मी पीत असे. रोज पीत असे. एका माणसाच्या चांगुलपणाने दोन बायका अशा एकमेकींच्या पहाऱ्यावर बसल्या.

आंतोन मला त्याच घरात भेटला. तो रोटीची टोपली घेऊन मागच्या दाराशी यायचा. आफ्रिकेतल्या गिनीच्या किनाऱ्यावरून आणलेला, भट्टीच्या मालकाचा गुलाम. आमचे लग्न चर्चमध्ये रीतसर लागले, आणि लग्नानंतर तो त्याच्या मालकाकडे गेला व मी माझ्या मालकिणीकडे. मुलगी झाली, ब्रिखिदा. आई गुलाम तर लेकरू गुलाम, असा कायदा होता. माझ्या अटीत तिचे नाव नव्हते.

कलम तिसरे, पाणक्या तोमे याच्याविषयी. राजाचा नवा हुकूम निघाला की त्याच्या दर्यापारच्या मुलखातले लोक यापुढे गुलाम नाहीत. मी न्यायाधीशाकडे अर्ज केला. दोन्या मेन्सियाने दोन खलाशी उभे केले आणि शपथेवर वदवले की ही बाई पोर्तुगीजांच्या किनाऱ्यावर विकत घेतली. पोर्तुगीजांच्या मुलखाला आमच्या राजाचा हुकूम लागू नव्हता. म्हणजे माझे आणि ब्रिखिदाचे सगळे आयुष्य एवढ्यावर आले की मी समुद्राच्या कोणत्या काठाला जन्मले. आणि ते सांगणारे कोणी नव्हते.

तोमेला मी पाण्याच्या गाढवामागे जाताना पाहिले होते. तो आमच्याच किनाऱ्याचा, हे मला त्याने गाढवाला दिलेल्या शिवीवरून कळले. तो साक्षीला आला. न्यायाधीश सावध माणूस होता. त्याने आम्हाला वेगळे बसवले. आधी तोमेला वस्तू दाखवून तुमच्या भाषेत याला काय म्हणतात ते विचारले व उतरवून घेतले. मग मला आत बोलावले. पाणी, मासा, हात, दोर, मीठ: सगळे सांगितले. मग त्याने चुलीकडे बोट दाखवले.

"विस्तव. याला काय म्हणतात?"

मला शब्द आठवेना. तोमे भेटेपर्यंत इतक्या वर्षांत त्या भाषेत मी कोणाशी बोलले नव्हते. दोन्या मेन्सिया भिंतीशी बसली होती. ती म्हणाली, "आठवेल कसा? तिचा असेल तर आठवेल ना." ब्रिखिदा माझा झगा धरून उभी होती.

मी डोळे मिटले. शब्द शोधायचा सोडून दिला आणि आईला शोधू लागले. आई चुलीपाशी बसलेली, मी रांगत पुढे चाललेली, आणि ती ओरडते. मी तिच्यासारखीच ओरडले, भर न्यायकचेरीत, सगळेच्या सगळे वाक्य: अगं ए, विस्तवाला हात लावू नकोस! शब्द त्या ओरडण्यात होता. दाराआडून तोमेच्या रडण्याचा आवाज आला. त्याची आईही असेच ओरडत असणार. न्यायाधीशाने कागदाशी ताडून पाहिले आणि विचारले, "पोरीचं नाव काय? तिचंही लिहू."

सबब भट्टीमागची उबदार खोली तोमेला तहहयात राहायला द्यावी, आणि खालचा गोठा त्याच्या गाढवाला. त्याने माझ्या मुलीशी रोज आमच्या भाषेत चार शब्द बोलावे, असे मी इथे घालायला सांगितले होते. नंतर खोडायला लावले. ती अट झाली असती. पिनेदा, खाडाखोड माझ्या संमतीने, असे समासात लिहा.

कलम चौथे, मी परत का गेले नाही याविषयी. गल्लीतल्या बायका हे मागाहून विचारतील, म्हणून. मोकळी झाले तेव्हा परत जायची इच्छा होती. पण हुकूम माझ्यासाठी होता, आंतोनसाठी नव्हता. तो काळा, त्याच्या मुलखासाठी कोणत्याच राजाने काही लिहिले नाही. आंतोन म्हणाला, "तू जा. पोरीला घेऊन जा. मी भट्टी सांभाळतो."

"आणि तिथं जाऊन भांडू कोणाशी?" मी म्हणाले.

मग मी त्याच भट्टीवर मजुरीने राहिले, आणि पैसे साठवून त्याला मालकाकडून सोडवले. पुढे मालक थकला तेव्हा भट्टीही आम्ही हप्त्यांनी विकत घेतली. आंतोन सुटला तोवर तोमेने बंदरात एका खलाशाकडून खबर आणली होती. खाडीच्या तोंडाशी कोणी राहत नाही. माणसे मोती काढायला समुद्रात उतरवून बुडवली, उरली ती डोंगरात पळाली. मला इथे अडकवणारे एकेक कुलूप मी उघडत गेले, आणि शेवटचे दार उघडले तर पलीकडे गावच नव्हता. आणि आम्ही काय भाजत होतो? जहाजांची, दोनदा भाजलेली कडक रोटी. ती रोटी खाऊनच कप्तानासारखी माणसे तिकडे जातात. दुसरे काम मागितले तर त्रियानात दुसरे काम नाही. आंतोन म्हणे, "आपण नाही भाजली तर समोरचा भाजेल." खरे होते. खरे असले म्हणून पीठ मळताना हात हलके होत नाहीत.

कलम पाचवे, वैराविषयी. दोन्या मेन्सिया अजून हयात आहे. आता दिसत नाही तिला. मध्यंतरी माणसाच्या हाताला धरून माझ्या दाराशी आली होती. "फेलिपा, अट तर त्यांची होती, माझी नव्हती," म्हणाली. मी तिला आत बसवले आणि गरम काढा दिला. तिने पेला हातात धरला, थांबली, आणि मग माझ्याआधी प्यायली. मी तिला क्षमा केलेली नाही. परंतु तिला दर शनिवारी मऊ रोटी पोहोचते ती तशीच पोहोचत राहिली तर माझी हरकत नाही. खोटी शपथ घेणाऱ्या त्या दोन खलाशांना मात्र काही नाही.

कलम सहावे, भट्टीविषयी. भट्टी, मागच्या खोल्या, पीठ मळायची मोठी काथवट, चाळण्या, लांब दांड्याची फावडी, आंबवणाचे मडके व सरपणाचा साठा, हे सर्व माझी मुलगी ब्रिखिदा हिला.

इथवर लिहून झाले आणि ब्रिखिदाने पिनेदांचा हात धरला. पुढचे मी तिच्या देखत लिहवून घेते आहे.

तिचा नवरा बार्तोलो जहाजांच्या फटी बुजवणारा कारागीर आहे. माणूस वाईट नाही. त्याला दर्यापार जमीन मिळते आहे. परवा आनंदाने मला सांगायला आला, "सासूबाई, तुमच्याच किनाऱ्यावर! खाडीकाठी, रिकामी जमीन. मागाल तेवढी."

"रिकामी कशी झाली, ते नाही विचारलंस?"

"जुनी गोष्ट झाली ती."

"माझ्याएवढीच जुनी आहे," मी म्हणाले.

ब्रिखिदाला जायचे नाही, हे मला तिने कधी सांगितले नव्हते. आज म्हणाली, "आई, एक ओळ घाल. भट्टी माझी, पण मी त्रियाना सोडली नाही तरच. एवढं लिही. मग त्याला काही बोलता येणार नाही."

"अट घालू?"

"माझ्यासाठी घाल. तो वाईट नाही गं. रोज चांगुलपणानं विचारतो. चांगुलपणानं विचारणाऱ्याला नाही कसं म्हणू?"

पिनेदांनी लेखणी बुडवली. ते म्हणाले, "बाई, अशी अट कायदेशीर आहे. पुष्कळ जण घालतात."

मला मोह झाला, हे लिहून ठेवते. एका ओळीत ती माझ्या डोळ्यांसमोर, माझ्या थडग्याजवळ राहिली असती. आणि मी मेल्यावर प्रत्येक भांडणात ती म्हणाली असती, आईने बांधून ठेवलं.

"नाही घालणार," मी म्हणाले. "मेलेल्या माणसाच्या अटीखाली जगणं काय असतं, ते मी भोगलंय. जायचं तर जा, राहायचं तर राहा. नाही म्हणायचं असेल तर तुझ्या तोंडानं म्हण."

"तू कठोर आहेस, आई."

"असेन."

बार्तोलो खाली अंगणात डांबराची बादली खरवडत होता. तिने डोळे पुसले आणि जिना उतरून गेली. खिडकी उघडी आहे. आम्ही तिघे, पिनेदा, तोमे आणि मी, ऐकत होतो.

"मी येणार नाही," ती म्हणाली.

"आईनं लिहिलं का तसं?"

"आईनं काहीच लिहिलं नाही. भट्टी मी विकून तुझ्याबरोबर येऊ शकते. मी येत नाही. माझ्या आईचा गाव मोडून झालेल्या जमिनीवर मी चूल मांडणार नाही. तुला कोणी अडवलेलं नाही, बार्तोलो. मीही नाही."

खरवडण्याचा आवाज थांबला. तो काय म्हणाला ते ऐकू आले नाही.

तेव्हा पिनेदा, आता लिहा: भट्टी व वर सांगितलेले सर्व ब्रिखिदाला, विनाअट.

याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही. करण्याजोगे माझ्याजवळ काही नव्हते, मी स्वतःही नव्हते. वरचे सर्व मला वाचून दाखवले. ते माझ्या सांगण्याप्रमाणे आहे. मला लिहिता येत नाही, म्हणून फुली करते. पिनेदांनी हात धरू नये.

ठिकाण त्रियाना, सेव्हिलसमोर. नोव्हेंबरची नववी तारीख, सन १५६२.

फेलिपा, तिची फुली: ×

साक्षीदार: तोमे, पाणक्या, त्याची फुली ×. गिनेस कारास्को, कुंभार, सही. मार्कोस ताबोआदा, साबणवाला, सही.

माझ्या समोर, साल्वादोर पिनेदा, दस्तलेखक. सह्या होईपर्यंत कन्या ब्रिखिदा व जावई बार्तोलो अंगणातच होते. साक्षीदार खाली उतरले तेव्हा दोघे डांबराच्या बादलीच्या दोन बाजूंना बसलेले होते, असे त्यांनी सांगितले.